दहा-चाळीसची गुरुवारची फेरी

३ फेब्रुवारी, सोमवार

निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाला खात्यातर्फे एक डायरी मिळते. ती शेवटच्या दिवशी द्यायची पद्धत आहे, पण भांडारवाल्याला कपाट रिकामं करायचं होतं, म्हणून मला महिनाभर आधीच मिळाली. वही कोरी ठेवणं माझ्या स्वभावात नाही. लिहायला घेतली.

वाहतूक खात्याच्या वेळापत्रक विभागात मला चौतीस वर्षं झाली. या शहरातली कुठलीही बस कुठल्या थांब्यावर किती वाजता यावी, हे मी ठरवतो. ती तेव्हा येते की नाही, हा दुसऱ्या विभागाचा प्रश्न आहे.

आज साहेबांनी शेवटचं काम सोपवलं. रिकाम्या धावणाऱ्या नऊ फेऱ्या महिनाअखेर बंद करायच्या. आठांचा निकाल मी जेवणाच्या सुट्टीआधीच लावला. नववी मात्र चमत्कारिक निघाली. समुद्रकाठच्या त्या गावाला आठवड्यातून एकदा, दर गुरुवारी, दहा-चाळीसला बस जाते आणि चार-दहाला परत निघते. पूर्वी तिथे गुरुवारचा बाजार भरायचा. बाजार बंद पडला, फेरी कोणी खोडली नाही, म्हणून चालू राहिली. गाव तासाभराच्या अंतरावर, सुंदर आहे असं सगळे सांगतात. मी कधी गेलो नाही. जायची गरज पडली नाही.

तिकिटांचे जुने तक्ते काढून बघितले. अकरा वर्षं दर गुरुवारी ‘पाण्याची टाकी’ ते ‘शेवटचा थांबा’ असं एक तिकीट जातं. फक्त एक. संध्याकाळी तेच एक परत येतं. पाण्याची टाकी म्हणजे आमच्या घरामागचाच थांबा, पण त्या भागात दहा हजार लोक राहतात.

जेवताना बायकोला सांगितलं. "एका माणसासाठी अख्खी बस धावते. कोण असेल गं हा?"

"असेल कोणीतरी," ती म्हणाली आणि मी नको नको म्हणत असताना पानात दुसऱ्यांदा भाजी वाढली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

तो प्रवासी डोक्यातून जात नाही. ऑफिसात चर्चा केली. एकाचं म्हणणं, दम्याचा रोगी असेल, हवा खायला जात असेल. दुसरा म्हणाला, भानगड असेल. माझं मत असं की कोणीतरी रिकामटेकडा असणार.

घरी हिला तिन्ही मतं सांगितली. ती म्हणाली, "बाई नसेल कशावरून?"

मी समजावून सांगितलं की बायकांना एवढा मोकळा वेळ नसतो. "आता तुझंच बघ. गुरुवारचा शिवणवर्ग सोडला तर घराबाहेर पडतेस का कधी?"

"तेही खरंच," ती म्हणाली. माझं म्हणणं तिला लगेच पटतं, हा तिचा मोठा गुण आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आजचा तक्ता मागवला. जाताना एक, येताना एक.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा ही वर्गाहून येऊन चहा टाकत होती. दारात तिच्या चपलांखाली पुन्हा वाळू. वर्गाशेजारी बांधकाम चालू आहे म्हणते. अकरा वर्षांत एक इमारत उभी राहत नाही. या शहरातल्या ठेकेदारांबद्दल न बोललेलं बरं. वर्गाचीही तीच तऱ्हा. इतक्या वर्षांत एक उशीचा अभ्रा तयार झाला. मी बघून म्हटलं, चौथी बाजू शिवायची राहिली. ती म्हणाली, तिथून उशी घालतात. बोटांना मात्र बारीक चिरा पडलेल्या असतात. मशीन जुनं असावं.

ऑफिसात नवी कटकट. कुठलीही फेरी बंद करण्याआधी अधिकाऱ्याने प्रत्यक्ष पाहणी करावी असा नियम आहे. चौतीस वर्षं मी खुर्चीतून न उठता ‘पाहणी केली’ असं लिहीत आलो. आता नव्या अर्जाला शेवटच्या थांब्याचा फोटो जोडावा लागतो. इतर आठ थांबे शहरातलेच होते, शिपायाने जाता जाता फोटो काढले. इथे मलाच जावं लागणार.

मग मला एक कल्पना सुचली. सरकारी काम आहेच, तर हिलाही न्यावं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, सहलीला म्हणून आम्ही कुठे गेलो नाही. बातमी ऐकून ती खूश होईल असं वाटलं होतं. तिच्या हातातली चमचाभर साखर डब्याबाहेर सांडली.

"गुरुवारी माझा वर्ग असतो."

"एक गुरुवार बुडला तर आभाळ कोसळेल का?"

"अकरा वर्षांत बुडवला नाही मी." मग बराच वेळ ओटा पुसत राहिली. पुसून झालेला ओटा तिने पुन्हा पुसला. "अहो, ती फेरी बंद करायचं पक्कं ठरलंय का?"

"माझी सही झाली की बंद."

ती फडकं पिळून वाळत घालायला गेली.

८ फेब्रुवारी, शनिवार

लेकीचा फोन आला. तिला सहलीचं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, आईला? त्या गावाला? गुरुवारी?" आणि इतकी हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला. बाप बायकोला फिरायला नेतो यात हसण्यासारखं काय आहे? आजकालच्या मुलांना कशाचं अप्रूप नाही.

सहलीचं वेळापत्रक केलं. ११.५२ आगमन. ११.५५ ते १२.१० समुद्र. १२.१० ते १२.२५ दीपस्तंभ. १२.२५ ते १.०० डबा. १.०० ते १.१० फोटो. १.१० ते ४.१० विश्रांती. पुढे काय करायचं ते सुचलं नाही.

हिने कागद वाचला. "पंधरा मिनिटांत समुद्र होईल?"

मी म्हटलं, समुद्र मोठा असला तरी सगळा एकसारखाच असतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आजचं सविस्तर लिहायला हवं.

साडेदहाला थांब्यावर पोचलो. मी पाटीखाली उभा राहिलो. ही दहा पावलं पुढे, खांबापाशी. म्हटलं, इथे ये, थांबा इथे आहे. ती हलली नाही. दहा-चाळीस झाले, पंचेचाळीस झाले, बसचा पत्ता नाही. मला चारचौघांत मान खाली घालायची वेळ आली.

"बावन्नला येते," ती म्हणाली. मी बघितलं तशी म्हणाली, "येईल, असं वाटतंय."

बावन्नला आली. दार बरोबर तिच्यासमोर उघडलं. कंडक्टर तिला बघून तोंडभर हसला, मग मला बघितलं, आणि हसू आवरलं. मी खात्याचा माणूस आहे हे सांगायच्या आत त्याने शेवटच्या थांब्याचं तिकीट फाडून तिच्या हातात दिलंसुद्धा. याला म्हणतात अनुभव. नुसता चेहरा बघून कुठे जायचं ते ओळखतात.

वाटेत एके ठिकाणी ही म्हणाली, "दांडा धरा." मी का म्हणून विचारेपर्यंत खड्डा आला आणि माझं डोकं समोरच्या सीटवर आपटलं. पुढे एका वळणाआधी उठून ती दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. वळण संपलं आणि माझ्या बाजूला ऊन आलं, तिच्या बाजूला समुद्र. हिचं नशीब असं चांगलंच असतं.

गाव खरोखर देखणं आहे. पांढऱ्या भिंती, निळे दरवाजे, वाळूवर उलट्या ठेवलेल्या होड्या, टोकाला छोटा दीपस्तंभ. बसमधून उतरतो न उतरतो तोच एक तांबूस कुत्रं धावत आलं आणि हिच्या पायावर लोळण घेतलं. कुत्री हिला कुठेही चिकटतात. थांब्याशेजारी चहाची टपरी. टपरीवाली पन्नाशीची, कमरेवर हात ठेवून उभी.

"आज दोन?" तिने विचारलं.

मी मनात म्हटलं, धंदा करावा तर असा, गिऱ्हाईक बसच्या पायरीवर असतानाच ऑर्डर. हिला न विचारता बिनसाखरेचा चहा मिळाला. मला काचेच्या ग्लासात, हिला कपात. अगदी आमच्या घरच्यासारखा निळ्या फुलांचा कप. आमचे सहा होते, आता पाच आहेत. इथल्या कपाच्या कानाचा टवका उडाला होता. खेड्यात असंच चालायचं.

टपरीमागे छपराच्या सावलीत चार बायका मासेमारीची जाळी दुरुस्त करत बसल्या होत्या. आम्हाला बघून चौघींनी ओठ मिटले. एकीने सरकून जागा केली. ही "पाय दुखले हो" म्हणत तिथे जाऊन बसली. उतरून चार पावलंसुद्धा झाली नव्हती. मी घड्याळ दाखवून समुद्राची वेळ झाल्याचं सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही बघून या.

मी समुद्र बघून आलो. सात मिनिटांत झाला.

येऊन बघतो तर हिच्या मांडीवर कोणीतरी जाळं टाकलेलं, हातात लाकडी सुई, आणि ती भराभरा गाठी मारते आहे. मी उभा राहून बघितलं. एक गाठ चुकली नाही.

"शिवणवर्गाचा उपयोग झाला म्हणायचा," मी म्हटलं. "अकरा वर्षांनी का होईना."

त्यावर एक बाई हसता हसता खोकायला लागली. तिला पाणी द्यावं लागलं. माणसं साधी आहेत, जरा काही बोललं की हसतात.

वातावरण मोकळं आहे असं बघून मी त्यांना फेरीबद्दल सांगितलं. एकाच प्रवाशासाठी बस सोडणं परवडत नाही, तेव्हा महिनाअखेर ती बंद होईल. माझं बोलणं संपलं. चालत्या सुया थांबल्या.

टपरीवाली म्हणाली, "मग आमची गुरुवारची बाई कशी येणार?"

म्हणजे बाईच निघाली. मी ताबडतोब पाहणीची वही काढली. कोण आहे, वय काय, कशासाठी येते, सगळं विचारलं.

"येते, बसते," टपरीवाली किटलीकडे बघत म्हणाली. "आमच्यासोबत जाळी दुरुस्त करते. पहिल्यांदा आली तेव्हा नुसतीच रडत होती. पोरगी शिकायला लांब गेली म्हणे. मी चहा दिला. पुढच्या गुरुवारी परत आली."

"घरी कोणी नाही का?"

"नवरा आहे."

"काही त्रास देतो का?"

"छे, छे. चांगला आहे म्हणते. मारत नाही, पीत नाही, वेळेवर येतो. पण त्याला सगळं आधीच माहीत असतं. ही काही सांगायला गेली की अर्ध्यातच तो वाक्य पुरं करून टाकतो. तेही चुकीचं. मग हिने सांगायचंच सोडून दिलं. इथे येऊन बोलते. जे आठवडाभर साठतं ते."

अशी माणसं असतात. आमच्या ऑफिसात एक होता. तसं मी त्यांना सांगितलंही. ही मान खाली घालून गाठी मारत होती.

"एकच वाईट वाटतं," दुसरी म्हणाली. "आमच्याकडे सूर्य बुडतो ते बघण्यासारखं असतं. लांबलांबून लोक येतात. तिला अकरा वर्षांत एकदाही दिसला नाही. चार-दहाला गाडी. ही वेळ कुठल्या शहाण्याने ठरवली देव जाणे."

चार-दहाची वेळ मी ठरवली होती. ड्रायव्हरची पाळी सहाला बदलते, त्याआधी गाडी डेपोत यायला हवी. ते शहाण्याचं वाक्य मात्र मी पाहणीच्या वहीत घेतलं नाही.

फोटो काढला. चार-दहाला निघालो. त्या चौघी आणि टपरीवाली थांब्यावर येऊन उभ्या राहिल्या. टपरीवालीने हिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. एका दिवसाच्या ओळखीत इतकी माया. कुत्रं बसमागे वळणापर्यंत धावलं. ही खिडकीबाहेर बघत होती, डोळ्यांत वारा गेला म्हणाली. खिडकी बंद होती.

१५ फेब्रुवारी, शनिवार

अर्ज भरायला बसलो. फोटो मोठा करून बघितला. थांब्याची पाटी नीट आली आहे, पण कोपऱ्यात हीसुद्धा आली. अर्जाला बायको जोडता येत नाही, कापावी लागेल.

फोटोत ती हसते आहे. मान मागे टाकून, डोळे मिटून, सगळे दात दिसताहेत. शेजारची बाई तिच्या खांद्यावर डोकं टेकून हसते आहे. फोटो काढत होतो तेव्हा मला काही ऐकू आलं नव्हतं. ही अशी हसते हे मला माहीत नव्हतं.

पायाशी तो कप ठेवलेला आहे. कानाला टवका.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी कपाट उघडून कप मोजले. पाच.

"आपला सहावा कप कधी फुटला गं?"

"फुटला नाही," ती कणीक मळत म्हणाली. "आहे कुठेतरी."

मी आयुष्यात एकदाच भांडी घासली. लेक जन्मली त्या आठवड्यात. तेव्हा एक कप नळावर आपटला आणि कानाचा टवका उडाला. हिला कळू नये म्हणून मी तो रांगेत मागे ठेवला होता.

पाण्याची टाकी. चपलांतली वाळू. बोटांच्या चिरा. लेक शिकायला गेली त्याला गेल्या जूनमध्ये अकरा वर्षं झाली.

मला राग आला. चांगला अर्धा तास आला. अकरा वर्षं मला बनवलं, लेक सामील, कंडक्टर सामील, आता कदाचित ते कुत्रंही. हिला बोलावून जाब विचारायचं ठरवलं आणि काय काय विचारायचं ते नीट लिहून काढावं म्हणून ही डायरी उघडली. तेरा तारखेचं पान समोर आलं. ‘अशी माणसं असतात. आमच्या ऑफिसात एक होता.’ माझंच अक्षर.

ते खोडावंसं वाटलं. शाईने लिहिलेलं खोडू नये असा आमच्या विभागाचा नियम आहे.

मला लाज वाटली. दुसरं काय लिहू?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांपुढे कागद ठेवला. आठ फेऱ्या बंद, नववी चालू.

"एका प्रवाशासाठी?" साहेब म्हणाले.

"पाहणी केली," मी म्हटलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा ते खरं होतं, आणि साहेबांनी पहिल्यांदाच माझ्यावर विश्वास ठेवला नाही.

नियमपुस्तक दोघांनी मिळून चाळलं. रुग्णालय नाही, न्यायालय नाही, बाजार नाही. शेवटी एक कलम सापडलं. शैक्षणिक प्रयोजनासाठी नियमित प्रवास होत असेल तर एका विद्यार्थ्यासाठीही फेरी चालू ठेवता येते.

"शिक्षण कसलं आहे?"

"शिवणवर्ग."

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "अकरा वर्षं?"

"हळूहळू शिकवतात," मी म्हटलं. साहेबांना माझ्या निरोप समारंभाचं भाषण लिहायचं होतं. त्यांनी सही केली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

ही आज निघताना दारात दोनदा वळून घराकडे बघून गेली. शेवटचा गुरुवार आहे असं तिला वाटतंय. सांगावं असं सारखं तोंडाशी आलं. पण सांगायचं तर तिचं सगळंच मी बोलून टाकल्यासारखं झालं असतं. इतकी वर्षं तेच केलं.

संध्याकाळी ती आली तेव्हा डोळे सुजलेले होते. मी चहा केला. साखर घातली नाही. तिने कपात बघितलं, मग माझ्याकडे, आणि प्यायली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

निवृत्त झालो. भाषणं झाली, एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते चार मिनिटं मागे आहे.

खुर्ची सोडण्याआधी शेवटची दुरुस्ती करून छापायला दिली. गुरुवारची परतीची फेरी चार-दहा रद्द, सहा-पन्नास सुरू. ड्रायव्हरच्या पाळीसाठी पाच तक्ते बदलावे लागले. डेपो मॅनेजर माझ्या नावाने खडे फोडतो आहे. फोडू दे. सूर्यास्ताच्या वेळा मी सरकारी पंचांगातून काढून वर्षभरासाठी तपासल्या आहेत; एप्रिल ते सप्टेंबर सूर्य उशिरा बुडतो, तेव्हा गाडी सात-तीसला सुटेल अशी तळटीप घातली आहे. नवं पत्रक कंडक्टर पुढच्या गुरुवारी वाचेल आणि ज्याला सांगायचं त्याला सांगेल.

६ मार्च, गुरुवार

पहिला गुरुवार घरी.

सकाळी ही तयार होऊन पिशवी घेऊन उभी राहिली. आज फेरी आहे की नाही तेही तिला माहीत नसणार. तरी निघाली होती. "वर्गाला जाऊन बघते," म्हणाली.

मी पेपर वाचत होतो. उलटा नव्हता धरलेला, पण वाचतही नव्हतो.

अकराच्या सुमारास तिचा फोन आला. मागे बसचा आवाज. "अहो, वर्गाची वेळ बदललीय. आज उशीर होईल."

"किती?" मी विचारलं. आठ-दोन असं जिभेवर होतं. बारा मिनिटं उशीर धरला तर आठ-चौदा. मी ओठ मिटून घेतले.

"आठ वाजून जातील. जेवण झाकून ठेवलंय."

"सावकाश ये," मी म्हटलं.

दिवसभर घरात काय करायचं ते कळेना. भांडी घासली. काही फुटलं नाही.

आठ-चौदाला दार वाजलं. तिच्या चपला वाळूने भरल्या होत्या आणि आज तिने त्या बाहेर झटकल्यासुद्धा नव्हत्या. मी पानं घेतली. ती समोर बसली, पण जेवायला सुरुवात करेना.

"काय शिकवलं आज?"

"आज काही शिकवलं नाही. आज सगळ्या काम ठेवून नुसत्या बसलो होतो. बघत."

काय बघत, हे मला माहीत होतं. शब्द अगदी दातांपर्यंत आला. मी पाण्याचा घोट घेतला. तिने सवयीने थांबून वाट बघितली की आता हा बोलेल. मी बोललो नाही. तिने आणखी थोडी वाट बघितली. मग सांगायला लागली. आधी पाणी कसं राखाडी होतं, मग एका होडीच्या मागून कसा रंग यायला लागला, टपरीवालीने किटली कशी उतरवून ठेवली, कुत्रंसुद्धा कसं गप्प बसलं. गावाचं नाव तिने घेतलं नाही, मीही विचारलं नाही. कुठला वर्ग, कुठलं पाणी, काही विचारलं नाही. वीस मिनिटं ती बोलत होती. भाजी गार झाली.

शेवटी ती थांबली आणि ताटाकडे बघत म्हणाली, "वेळ कोणी बदलली, कोणास ठाऊक."

"असेल कोणीतरी," मी म्हणालो आणि ती नको नको म्हणत असताना तिच्या पानात भाजी वाढली.